सासूबाईंचा फोन आणि तीन कागद

प्रश्न : मावशी, नमस्कार. आम्ही सुदामानगरात राहतो. सासूबाई (वय ८१) मात्र रामबागेतल्या जुन्या घरात एकट्या राहतात, हट्टानं. त्यांच्याकडे तीसेक वर्षांपूर्वीचा लँडलाइन आहे. महिन्याला साधारण २७६ रुपये बिल येतं : भाडं २२०, कॉलचे वरचे १४ आणि बाकी कर. मागच्या पावसाळ्यात हा फोन १९ दिवस मुका होता. परवा फायबरवाला मुलगा येऊन गेला. म्हणाला, "आंटी, ३९९ में फोन बिल्कुल फ्री, नेट भी." दीर म्हणतात, मोबाइलच द्या, वर्षाचे अठराशे. शिवाय जेल रोडवर सिमवर चालणारा टेबलफोन २६०० ला मिळतो, तेही ते बघून आलेत. सासूबाईंना मोबाइल नको, रिसीव्हर हातात लागतो. नागपूरच्या नणंदेला त्या रोज फोन करतात, तोही रात्री नऊ वाजून गेल्यावरच. बाकी येणारेच फोन जास्त. तीन कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. स्वस्त कोणतं?
— इंदूरहून एक सून

उत्तर : सूनबाई, तुमच्या तीन कागदांवरचे तीन आकडे तीन वेगळ्या मापांनी मोजलेले आहेत. एक महिन्याचा, कर सोडून. एक वर्षाचा, कर धरून. आणि तिसरा तर प्लॅनच नाही, ती नुसती टेबलफोनच्या डब्याची किंमत आहे. शेर, किलो आणि डझन यांची बेरीज करायला बसल्यासारखं झालंय तुमचं. एखादा पाठकोरा कागद घ्या आणि सगळं 'वर्षाला, करासकट' असं मांडा.

माझं अर्धं आयुष्य टेलिफोनच्या बिलांच्या टेबलामागे गेलं. तेव्हा लोक तावातावानं यायचे : "आम्ही महिन्यात बारा वेळा फोन केला, आणि बिलावर १९० कॉल कसे?" बिलावरचा 'कॉल' म्हणजे फिरवलेला फोन नव्हे, मीटरचं एक युनिट, हे समजावताना घसा बसायचा. एसटीडीवर, म्हणजे परगावच्या फोनवर, एकाच बोलण्यात अशी डझनावारी युनिटं पडायची. आता युनिटं गेली, पण शब्दांचा घोळ गेला नाही. पूर्वी 'कॉल' फसवायचा, हल्ली 'फ्री' फसवतो.

आता फायबरचे ३९९. घरच्या फोनच्या आणि फायबरच्या जाहिरातीत आकडा बहुधा कर वगळून असतो. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७० रुपये ८२ पैसे. वर्षाचे ५,६५०. तो मुलगा सहा महिन्यांचे आगाऊ मागेल, त्याशिवाय 'फ्री' बसवणं होत नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी २,८२५ हातावर ठेवायचे. फोन फुकट आहे हे खरं, पण सासूबाईंना नको असलेल्या नेटवर तो फुकट आहे.

दुसरी गोष्ट तो मुलगा सांगणार नाही. मलाही कुणी सांगितली नव्हती आणि मी, इतकी वर्षं त्याच धंद्यात काढलेली बाई, विचारायलाही विसरले. तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही येते, एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवरून, ४८ व्होल्टच्या आसपास. म्हणून घरातली लाइट गेली तरी जुना फोन चालू राहायचा. फायबरच्या काचेच्या तारेतून प्रकाश येतो, वीज येत नाही. फायबरसाठी भिंतीवर बसवतात तो डबा तुमच्या घरच्या विजेवर चालतो. लाइट गेली की डबा बंद आणि डबा बंद की फोन बंद. आमच्याकडे फायबर आल्यावर पहिल्याच जून महिन्यात वादळ झालं आणि अडीच तास लाइट नव्हती. यांना गरगरायला लागलं म्हणून मी रिसीव्हर उचलला तर कानात काही नाही, टुंऽऽ सुद्धा नाही. मोबाइलवर चार टक्के चार्जिंग. शेवटी शेजारच्या मुलाला हाक मारली. (तब्येतीचं काही विशेष निघालं नाही. दुपारी भजी झाली होती.) दुसऱ्या दिवशी जाऊन त्या डब्यापुरता छोटा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर वीज देणारी बॅटरी, आणला, दीड हजाराला. म्हणून तुमच्या कागदावर ५,६५० खाली हे १,५०० ही लिहा. पहिल्या वर्षाचे झाले ७,१५०.

तुमचं जुनं बिल : २३४ वर कर धरून २७६ रुपये १२ पैसे. वर्षाचे ३,३१३. त्यातले १९ दिवस बंद. दुरुस्ती लांबली तर भाड्यात सूट मिळते, पण तक्रार नोंदवून तिचा नंबर घेतला असेल तरच मागता येते. लाइनमनला रस्त्यात गाठून सांगितलं, ही तक्रार नव्हे.

दिरांचे अठराशे तिन्हींत सरळ आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपन्यांना सांगितलं की ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी नुसत्या बोलण्याचा आणि मेसेजचा रिचार्ज ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये ते निघाले. तेव्हा एअरटेलचा १,८४९ ला ३६५ दिवस होता आणि जिओचा १,७४८ ला ३३६ दिवस. कर दोन्हींत धरलेला. बघताक्षणी दुसरा शंभराच्या वर स्वस्त वाटतो ना? भागाकार करा. पहिला दिवसाला ५ रुपये ७ पैसे, दुसरा ५ रुपये २० पैसे. ३३६ म्हणजे बारा वेळा अठ्ठावीस. वर्षातले २९ दिवस त्यात नाहीतच. पूर्ण वर्षाला ताणला तर तो १,८९९ ला जातो, म्हणजे पन्नास रुपये महागच. दर बदलत राहतात, तेव्हा भरायच्या दिवशीचा आकडा आणि दिवस दोन्ही बघून हाच भागाकार पुन्हा करायचा.

आणि टेबलफोन. सासूबाईंना रिसीव्हर हवा, मोठी बटणं हवीत, फोन नेहमीच्या कोपऱ्यात नेहमीच्या स्टुलावर हवा. हे सगळं त्यात आहे. आत बॅटरी असते, लाइट गेल्यावरही काही वेळ चालतो. पहिल्या वर्षी २,६०० अधिक १,८४९, म्हणजे ४,४४९. दुसऱ्या वर्षापासून १,८४९. तुमच्या तांब्याच्या तारेपेक्षा दरसाल दीड हजारानं कमी.

पण जेल रोडवर पैसे मोजण्याआधी दुकानदाराला एकच विचारायचं : हा ४जी आहे की नुसता २जी? असे स्वस्त फोन पुष्कळदा २जी या जुन्या पिढीच्या मोबाइल नेटवर्कवर चालणारे असतात. जिओचं २जी नेटवर्कच नाही, त्यांचं सिम त्यात घातलं तर फोन शोभेचा होईल. दुसरं असं की, रामबागेतल्या जुन्या घरांच्या भिंती मला ठाऊक आहेत, हातभर जाड. ज्या कंपनीचं सिम घ्यायचं, त्या कंपनीचा मोबाइल असलेल्या कुणाला तरी घेऊन जा आणि नेमक्या त्या स्टुलापाशी बसून दहा मिनिटं बोलायला लावा. ओसरीवर रेंज आहे म्हणून मधल्या खोलीत असेलच असं नाही.

आता जे कोणत्याच कागदावर लिहिलेलं नाही ते. तो लँडलाइनचा ०७३१ चा, म्हणजे इंदूरच्या कोडचा, नंबर. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, २० जानेवारी २०११ पासून सगळ्या देशात. लँडलाइनला ती सोय नाही. कंपनी बदलली की नंबर गेला. देवासची मावससासू, उज्जैनचे भटजी, भजनी मंडळ, गॅसवाला, बँकेचं पासबुक, दवाखान्याची फाइल, सगळीकडे तोच आकडा असणार. तुमच्याच पत्रात आहे की येणारे फोन जास्त. म्हणजे सासूबाईंचा फोन हे मुख्यतः ऐकायचं साधन आहे आणि येणाऱ्या फोनला पैसे पडत नाहीत. अशा माणसाचा हिशेब दर मिनिटाच्या भावानं करायचाच नसतो. त्यांच्या २७६ पैकी बोलण्याचे चौदा रुपये, त्यावरचा कर धरला तरी साडेसोळा. उरलेले सगळे त्या नंबरचे.

म्हणून तुमच्या जागी मी असते तर फायबर घेतलं नसतं. टेबलफोन आणला असता आणि लँडलाइन लगेच न काढता तीन महिने दोन्ही शेजारी शेजारी ठेवले असते. तीन महिन्यांचे ८२८ रुपये जास्त जातील. ते वाया गेले असं मी म्हणणार नाही. त्या काळात जुन्या फोनवर जो जो येईल त्याला नवा नंबर लिहून घ्यायला लावायचा. ही कामगिरी सासूबाईंवरच सोपवा, त्यांना वही द्या. जुन्या फोनवरून नव्यावर कॉल वळवायची सोयही असते, पण वळवलेला प्रत्येक कॉल तुमच्या बिलावर बाहेर केलेल्या फोनसारखा पडतो. तेव्हा ते शेवटच्या पंधरवड्यात करा. तीन महिन्यांनी जुन्यावर फोन यायचे थांबले, तर बंद करा. आणि सासूबाई तरीही त्याच जुन्या फोनकडे हात नेत असतील तर राहू द्या. दीड हजारासाठी म्हाताऱ्या माणसाचा हात वळवू नये.

बंद करायचा तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि अनामतीची मूळ पावती शोधा. तीस वर्षांपूर्वी फोन घेताना अनामत भरावीच लागायची आणि ती परत मिळते. पावती सहसा देवाच्या कपाटात, लग्नपत्रिकांच्या खाली सापडते.

राहिली रात्री नऊची गोष्ट. पूर्वी रात्री अकरानंतर एसटीडीला पाव दर पडायचा आणि पीसीओवर, म्हणजे सार्वजनिक फोनच्या बूथवर, रांगा लागायच्या. मग १ मे २०१५ पासून बीएसएनएलनं लँडलाइनवरून रात्री नऊ ते सकाळी सात फोन मोफत केले. पुढे ती वेळही बदलली आणि सवलतही. सासूबाई बहुधा त्या नऊच्या ठोक्यावरच थांबल्या आहेत. नव्या रिचार्जमध्ये दुपारी चारला बोललं तरी तेवढंच. त्यांना एकदा सांगा, पण सवय मोडायला जाऊ नका. नणंदही नऊला फोनजवळ बसत असणार.

प्रश्न : माझ्या लँडलाइनवरून इथल्याच मुलाचा मोबाइल लावला की बाई सांगते, आधी शून्य लावा. शून्य लावला की एसटीडीचे पैसे पडतील म्हणून मी फोन ठेवून देतो. वय ७६.
— लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : काका, बिनधास्त लावा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला आधी शून्य लावावाच लागतो, मुलगा वरच्या मजल्यावर असला तरी. नव्या मोबाइल नंबरांसाठी जागा व्हावी म्हणून केलेली ती सोय आहे. पैसे तुमच्या प्लॅनप्रमाणे पडतात, शून्यामुळे नाही. शून्य म्हणजे परगाव, हे गणित आपल्या पिढीच्या बोटांत बसलंय, त्याला इलाज नाही. गावातल्या लँडलाइनला मात्र पूर्वीसारखे सातच आकडे, तिथे शून्य नको. आणि फोनमध्ये मुलाचा नंबर एका बटणावर ठेवला असेल, तर तोही शून्यासकट पुन्हा भरून घ्या.

प्रश्न : माझी पेन्शन १ तारखेला येते. मोबाइलचा १९९ चा रिचार्ज २८ दिवसांचा, तो दर महिन्याला मागे मागे सरकतो आणि नेमका महिनाअखेरीस संपतो. काही उपाय?
— एक निवृत्त शिक्षिका, इंदूर

उत्तर : बाई, २८ दिवसांनी वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. १९९ गुणिले १३, म्हणजे २,५८७. यावरच ओरड झाली, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये ट्रायनं आदेश काढला की प्रत्येक कंपनीनं निदान एक रिचार्ज पुऱ्या ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला भरता येईल असा ठेवावा. दुकानदार ते आपणहून दाखवत नाहीत, मागून घ्यावे लागतात. भाव ताडायची खूण सांगते : तुमचा १९९ वाला दिवसाला ७ रुपये ११ पैशांना पडतो. त्याच सोयींचा ३० दिवसांचा २१३ पर्यंत मिळाला तर बरोबरी, त्याच्या वर गेला तर तारखेच्या सोयीचे पैसे तुम्ही वेगळे देताय. तेही द्यायला हरकत नाही, देताना माहीत असलं म्हणजे झालं. पण मोबाइलवर तुम्ही नेट वापरता का, हे पत्रात लिहिलेलं नाही. नसाल वापरत, तर वर सूनबाईंना सांगितलेला नुसत्या बोलण्याचा वर्षाचा रिचार्ज बघा. एका १ तारखेला पेन्शनमधून एकदम भरायचा आणि पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच डायरीत लिहून ठेवायची.