“डिप्रेशन की वेड, एकदाच काय ते सांगा मॅडम”

हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच, शब्द बदलतात पण भीती तीच. परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असं सगळं बदलून एक केस सांगते.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं कुटुंब, मुलगी २६ वर्षांची, मोठा भाऊ तिला म्हापशाला माझ्याकडे घेऊन आला. तीन महिने ती खोलीतून बाहेर येत नव्हती, आंघोळ नाही, जेवण दोन घास, फोन आला की उलटा करून ठेवायची. घरात प्रत्येकाचं मत वेगळं. मावशी म्हणे नजर लागलीय, शेजारी म्हणे स्किझोफ्रेनिया असणार आणि भावाने गूगल करून डिप्रेशन ठरवलेलं. आई दारात उभी राहून एवढंच म्हणाली, “बांबोळीला न्यावं लागणार नाही ना?” म्हणजे तिथल्या मानसोपचार संस्थेत.

लक्षणं बघितली तर डिप्रेशनच वाटत होतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस मन उदास, कशातच रस नाही, झोप भूक बिघडलेली, आपण निरुपयोगी आहोत असं सतत वाटणं, हे सगळं तिच्यात होतं. फॅमिली डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळीही लिहून दिलेली, अजून सुरू केली नव्हती. पण मी आजचं ऐकून थांबत नाही, मागचं विचारते. म्हटलं, याच्या अगदी उलट असं कधी झालेलं का, खूप एनर्जी, झोपच नको असं?

भाऊ म्हणाला, नाही नाही, आधी तर एकदम छान होती, चवथीला एकटीने माटोळी बांधली. (चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, आणि माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळांची, वेलींची आरास.)

एकटीने? मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहाटे तीनला टॉर्च घेऊन रानात जायची, रानफळं, वेली आणायची, बांधलेली माटोळी परत सोडून परत बांधायची, आठ-नऊ दिवस रोज जेमतेम दोन तास झोप आणि तरी थकवा नाही, बोलणं इतकं फास्ट की मध्ये कोणाला शिरताच येईना, आणि बोलता बोलता साठवलेले सगळे पैसे एका माटोळी सप्लायच्या धंद्यासाठी कोणाला तरी देऊन मोकळी. घरच्यांना वाटलं पोरगी किती उत्साही.

हे ऐकून मला बायपोलरचा संशय आला, म्हणजे कधी मन खोल उदास तर कधी असं उधाणलेलं, असा आजार. निदान करणं माझं काम नाही, ते सायकियाट्रिस्टचं, पण गोळी सुरू करण्याआधी त्यांना भेटा असं मी त्याच दिवशी सांगितलं, कारण बायपोलरमध्ये नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर काहींचं मन पुन्हा त्या उधाणाकडे जाऊ शकतं. फॅमिली डॉक्टरांची चूक नव्हती हो, त्यांना चवथीचं कोणी सांगितलंच नव्हतं.

भावाला मग वेगळं बसवून समजावलं. एन्झायटीत धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवत राहतं, छाती धडधडते, आपण आता मरणार किंवा वेडे होणार असं वाटतं. ओसीडीत नको असलेला विचार परत परत येतो आणि तो शांत करायला माणूस हात धूत राहतो, कडी तपासत राहतो. सायकोसिसमध्ये कोणी नसताना आवाज ऐकू येतात, सगळे आपल्या वाईटावर आहेत अशी पक्की खात्री होते, स्किझोफ्रेनिया त्यातलाच. दारूचं व्यसन हाही आजारच, आपल्याकडे मात्र तो वाईट स्वभाव म्हणून सोडून देतात याचं मला फार वाईट वाटतं. आणि “वेड” नावाचा आजार यात कुठेच नाही. हे आजार एकमेकांत मिसळतात सुद्धा, तीव्र बायपोलरमध्ये आवाजही येऊ शकतात, म्हणून एका लक्षणावरून नाव देऊ नका.

बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत शेवटी ती गेलीच. जुनी माणसं अजून पणजीतल्या आल्तिनोवरच्या जुन्या मनोरुग्णालयाची आठवण काढून घाबरतात, पण ओपीडीत केस पेपर काढून बसायचं असतं, दाखल करतातच असं नाही. जाणं जमतच नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा.

निदान बायपोलरच निघालं. लिथियम हे मन स्थिर ठेवणारं औषध सुरू झालं, त्यासाठी अधूनमधून रक्त तपासतात, थायरॉइड आणि किडनीही बघतात. अंगात पाणी कमी पडलं तर रक्तात लिथियमचं प्रमाण वाढू शकतं म्हणून मे महिन्याच्या उकाड्यात आई तिच्यामागे बाटली घेऊनच फिरायची.

पुढच्या चवथीआधी ती स्वतः विचारायला आली, “मी माटोळी बांधू ना?” आम्ही ठरवलं, बांधायची पण भावासोबत, रानात उजेडीच जायचं आणि रात्री दहाला हातातलं काम खाली ठेवायचं. भावाने कॅलेंडरवर तिच्या झोपेचे तास लिहायला घेतले. चवथीनंतर ते पान त्याने मला आणून दाखवलं, सगळ्यात कमी आकडा साडेसहा होता.