आरव्हीच्या लांब प्रवासासाठी नकाशे: कोणतं साधन कोणत्या कामाला

तुमचा प्रश्न असा आहे: २८ फुटी मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी (आरव्ही), मागे टो-बारला, म्हणजे ओढायच्या दांड्याला, जोडून चारही चाकांवर ओढली जाणारी छोटी कार, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून रॉकी पर्वताकडे पहिलाच मोठा प्रवास. फोनवरचं गूगल मॅप्स पुरेल, की आरव्हीचा वेगळा जीपीएस घ्यावा?

एकट्या गूगल मॅप्सवर जाऊ नका. पण वेगळा जीपीएस घेतला म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. कामं तीन आहेत आणि ती वेगवेगळी आहेत: घरी बसून आखणी करणं, आखलेला रस्ता तपासणं आणि चालवताना पुढचं वळण कळणं. या तिन्हींत एकच साधन सरस आहे असं होत नाही. त्यामुळे रस्ता कोणता हे ठरवायचा अधिकार गाडीची मापं ठाऊक असलेल्या एकाच साधनाला द्या. बाकीच्यांनी फक्त माहिती पुरवायची.

गूगल मॅप्स, अ‍ॅपल मॅप्स आणि वेझ तुमच्या गाडीला साधी कार समजतात. उंची, वजन, लांबी भरायला त्यात जागाच नाही. आंतरराज्य महामार्गावर याने फारसं बिघडत नाही, कारण तिथले पूल ट्रकसाठी बांधलेले असतात. घोळ होतो तो महामार्ग सोडल्यावर, शेवटच्या पाच-दहा मैलांत किंवा गर्दी चुकवायला सुचवलेल्या आडवाटेवर. न्यूयॉर्कच्या आसपासचे पार्कवे आणि बॉस्टनचा स्टॉरो ड्राइव्ह फक्त कारसाठी आहेत, तिथल्या कमानी आरव्हीच्या छताला लागतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमचा रेल्वेपूल २०१९मध्ये ११ फूट ८ इंचांवरून १२ फूट ४ इंचांपर्यंत उचलला, तरी त्याखाली गाड्या अडकायच्या थांबल्या नाहीत. ईशान्येकडून निघणार असाल तर पहिल्या दिवसाची आखणी सगळ्यांत काळजीने करा.

साधन निवडण्याआधी गाडी मोजा. माहितीपुस्तकातली उंची धरू नका. छतावरचा एसी, अँटेना, झरोक्यांवरची झाकणं हे सगळं त्यात धरलेलं असेलच असं नाही. गाडी सपाट जागी उभी करा, टायरमध्ये प्रवासात असते तेवढी हवा ठेवा, छतावरच्या सर्वांत उंच वस्तूवर एक सरळ लांब पट्टी आडवी धरा आणि स्पिरिट लेव्हलने ती आडवी असल्याची खात्री करून टोकापासून जमिनीपर्यंत मोजा. टाक्या आणि कपाटं रिकामी असताना मोजा, कारण रिकामी गाडी स्प्रिंगवर थोडी उंच उभी राहते. आलेल्या आकड्यात तीन-चार इंच मिळवा. रस्त्यावर नव्याने डांबर चढलं की पाटीवरची उंची तेवढीशी खरी राहत नाही, आणि गाडी उसळतेही.

आकडा भरताना होणारी एक चूक फार महागात पडते. १२ फूट १० इंच उंची कुणी १२.१० अशी दशांशात भरली, तर यंत्र ती १२ फूट १ इंच समजतं. जवळजवळ नऊ इंच गायब. दशांशात भरायची असेल तर १२ फूट १० इंच म्हणजे १२.८३ फूट, मीटरमध्ये ३.९१. नेहमी वरच्या बाजूला पूर्ण करा, म्हणजे ३.९५ भरा. हाच आकडा मोठ्या अक्षरांत लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. पूल समोर आल्यावर आठवत बसायला वेळ नसतो.

वजन वजनकाट्यावरून घ्या. ट्रकथांब्यांवर असे काटे असतात आणि ते प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन वेगळं सांगतात. टाकीत पाणी किती होतं हेही लक्षात ठेवा: एका गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ५० गॅलनची भरलेली टाकी ४१७ पौंडांची. लहान गावांतल्या जुन्या पुलांवर वजनमर्यादेच्या पाट्या असतात, तिथे हा फरक मोजला जातो. लांबी गाडीची वेगळी आणि कारसकट वेगळी. २८ फूट, टो-बार आणि कार मिळून तुम्ही ४५ फुटांच्या आसपास किंवा पुढे जाल. जीपीएसमध्ये ‘कारसह’ आणि ‘कारशिवाय’ असे दोन प्रोफाइल करून ठेवा, आणि कार जोडली की प्रोफाइल बदलायची सवय लावा.

प्रोपेन गॅसची टाकी किंवा सिलिंडर आहे हेही प्रोफाइलमध्ये भरा, कारण काही बोगद्यांत गॅस नेता येत नाही. बाल्टिमोरच्या हार्बर आणि फोर्ट मॅकहेन्री या दोन्ही बोगद्यांत १० पौंडांपेक्षा मोठा सिलिंडर चालत नाही, आणि आरव्हीवर सहसा असतात २० किंवा ३० पौंडांचे. मग शहराला पश्चिमेकडून वळसा घालणारा ६९५ क्रमांकाचा महामार्ग घ्यावा लागतो. पूर्वेकडून जायचं तर त्याच रस्त्यावर ‘की ब्रिज’ नावाचा पूल होता, तो २६ मार्च २०२४ला जहाज धडकून पडला. ज्या यंत्राचा नकाशा त्याआधीचा आहे, ते आजही तुम्हाला त्या पुलाकडे पाठवेल. जुना जीपीएस कुणी देत असेल तर आधी नकाशा अद्ययावत करा. हे काम घरच्या वायफायवर, निघायच्या आठवडाभर आधी करा. फाइल मोठी असते आणि कॅम्पग्राउंडच्या वायफायवर ती पुरी होत नाही.

आता साधनं. आखणीसाठी आरव्ही लाइफ ट्रिप विझार्डसारखी वेबवरची सोय सर्वांत कामाची वाटते. गाडीची मापं, दिवसाला किती मैल किंवा किती तास चालवायचं आणि कॅम्पग्राउंडची माहिती एकाच नकाशावर दिसते. तिथेच कमी उंचीचे पूल आणि प्रोपेनबंदीचे बोगदे टाळले जातात. चालवण्यासाठी त्याचंच फोनवरचं अ‍ॅप, कोपायलट, सिजिकची ट्रक-कॅरव्हॅन आवृत्ती किंवा गार्मिनचा आरव्ही मालिकेतला जीपीएस, यांपैकी एक घ्या. वेगळ्या यंत्राचे फायदे खरे आहेत: मोठा पडदा, रेंज नसली तरी पूर्ण नकाशा, फोन आला तरी दिशा बंद होत नाही, आणि उन्हात डॅशबोर्डवर फोन तापून बंद पडतो तसं होत नाही. तोटा एवढाच की ताजी गर्दी आणि नवे पत्ते यांत तो फोनच्या मागे असतो.

मोफत हवं असेल तर ऑस्मअँड हे अ‍ॅप चालतं. त्यात उंची, वजन, लांबी, रुंदी भरता येते आणि नकाशा फोनमध्ये उतरवता येतो. पण त्याचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे स्वयंसेवकांनी बनवलेला आहे: पुलाची उंची त्यांच्यापैकी कुणी नोंदवली असेल तरच ते पूल टाळतं. नोंद नसलेला पूल त्याच्या लेखी मोकळा. म्हणून पूर्वेच्या जुन्या शहरांत त्यावर एकट्यावर विसंबू नका. पश्चिमेच्या मोकळ्या प्रदेशात मात्र कच्चे रस्ते आणि पायवाटा दाखवण्यात ते फार चांगलं आहे.

छापील पुस्तकांपैकी रँड मॅकनॅलीचा मोटर कॅरिअर्स अ‍ॅटलस गाडीत असू द्या. ट्रकना मुभा असलेले रस्ते त्यात रंगवलेले असतात आणि राज्यवार कमी उंचीच्या पुलांची यादी असते. पडद्यावर एका वेळी दहा मैल दिसतात, पानावर अख्खं राज्य दिसतं. वादळ किंवा वणव्याने रस्ता बंद झाल्यावर हा फरक कळतो.

आखलेला रस्ता एका साधनातून दुसऱ्यात नेताना बहुतेकांचा घोळ होतो, म्हणून हे नीट वाचा. असा रस्ता ज्या फाइलने नेतात त्या जीपीएक्स फाइलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. ‘ट्रॅक’ म्हणजे शेकडो बिंदूंनी काढलेली पक्की रेघ. ‘रूट’ म्हणजे फक्त मोजके थांबे, आणि त्यांच्यामधला रस्ता ती फाइल उघडणारं यंत्र स्वतःच्या हिशोबाने पुन्हा शोधतं. घरी तुम्ही सुरक्षित रस्ता निवडलेला असतो, यंत्रात तो उघडताक्षणी वेगळा होऊन बसतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. गूगल मॅप्सची लिंक फोनवर पाठवली तरी हेच होतं: माऊसने ओढून वळवलेला रस्ता कित्येकदा पुन्हा मूळ जागी येतो.

उपाय म्हणजे मधले बिंदू. जिथे चुकीचा रस्ता मोहात पाडेल तिथे, फाट्यावर नाही तर फाट्याच्या मैल-दोन मैल पुढे, तुमच्या रस्त्यावर एक बिंदू ठेवा. ऐन इंटरचेंजवर ठेवलेला बिंदू भलत्याच रॅम्पवर पडतो. पूर्ण झूम करून तो तुमच्याच दिशेच्या मार्गिकेवर आहे हे पाहा. दुभाजकापलीकडे पडला तर यंत्र तुम्हाला पुढच्या एक्झिटवरून उलटं फिरवून आणेल. हे बिंदू ‘थांबा’ म्हणून न ठेवता ‘आकार देणारे’ (रस्ता फक्त तिथून नेणारे) म्हणून ठेवता आले तर तसेच ठेवा. थांबा चुकला की यंत्र परत नेण्याचा हट्ट धरतं, यू-टर्न सांगत राहतं. ४५ फुटांच्या जोडगाडीला यू-टर्न म्हणजे संकट. गूगल मॅप्समध्ये एका प्रवासात नऊच थांबे घालता येतात, त्यामुळे तिथे दिवसाचा प्रवास दिवसापुरताच आखा. रस्ता यंत्रात गेला की तिथला एकूण मैलांचा आकडा घरच्या आकड्याशी ताडून पाहा. पाच-सात मैलांचा फरक दिसला तर रस्ता कुठेतरी बदलला आहे. तो शोधल्याशिवाय निघू नका.

पडताळणीला गूगल उत्तम, आणि इथे त्याचा मनसोक्त वापर करा. शेवटचे पाच मैल, कॅम्पग्राउंडचं फाटक आणि पेट्रोल पंपाचं आवार सॅटेलाइट दृश्यात पाहा: आत शिरून न वळता बाहेर पडता येतं का? टो-बारला कार असताना मागे जाता येत नाही. पुढची चाकं वेडीवाकडी वळतात आणि टो-बार वाकतो. म्हणून ज्या पंपाला सरळ आत आणि सरळ बाहेर अशी वाट नाही, तो यादीतून काढा. स्ट्रीट व्ह्यूमध्ये पुलावरची पाटी वाचता येते, फक्त चित्राचं साल बघून घ्या.

चढ-उतारासाठी गूगल मॅप्समध्ये सायकलचा पर्याय निवडा, उंचीचा आलेख दिसतो. सायकलचा रस्ता वेगळा पडू शकतो, तेवढं तपासा. ६ टक्क्यांचा उतार म्हणजे मैलाला साधारण ३१७ फूट खाली. असा उतार सलग पाच मैल असेल तर १,५८० फुटांहून जास्त, आणि तो ब्रेकवर नाही तर खालच्या गिअरवर उतरायचा असतो. वायोमिंगमधल्या टीटन पासवर १० टक्के उतार आहे आणि हिवाळ्यात तिथे ट्रेलर ओढायला बंदी असते. ग्लेशियर उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या डोंगरी भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद वाहन जाऊच शकत नाही. तिथे मोटरहोम खाली ठेवून कारने जा, त्यासाठीच ती बरोबर आहे. साउथ डकोटातल्या नीडल्स आय बोगद्याची रुंदीही जेमतेम ८ फूट आहे. अशा रस्त्यांची मर्यादा उद्यानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वाचा. उंच घाट बर्फामुळे कधी उघडतात तेही तिथेच किंवा राज्याच्या ५११ या रस्त्यांच्या माहितीच्या सेवेवर कळतं. नेव्हिगेशनच्या अ‍ॅपने बंद घाट उघडा समजून त्यावरून नेल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

वेळेच्या अंदाजात अ‍ॅपचा आकडा कारचा असतो. त्यात निदान पाचवा हिस्सा वाढवा: पाच तास दाखवले तर सहा धरा, थांबे वेगळे.

जंगलखात्याच्या जमिनीवर मुक्काम करायचा असेल तर कोणता कच्चा रस्ता कोणत्या वाहनाला खुला आहे हे मोटर व्हेइकल यूज मॅपवर असतं. अवेन्झा मॅप्स या अ‍ॅपमध्ये तो नकाशा उतरवला की रेंज नसतानाही तुमचा ठिपका त्यावर दिसतो. जीपीएसला फोनची रेंज लागत नाही, लागतो तो नकाशा. म्हणून प्रत्येक राज्याचा नकाशा आधीच उतरवा, मग फोन विमान मोडमध्ये टाकून रस्ता शोधून पाहा. गूगलने उतरवलेल्या नकाशाला मुदत असते, निघण्याच्या आदल्या दिवशी ती नवी करून घ्या.

चालवताना आवाज एकाच साधनाचा ठेवा. शेजारच्या माणसाच्या फोनवर गूगल किंवा वेझ मूक चालू द्या, फक्त पुढची गर्दी आणि अपघात कळण्यासाठी. त्याने दुसरा रस्ता सुचवला तर चालत्या गाडीत स्वीकारू नका. विश्रांतिस्थळावर थांबा, तो रस्ता मापं ठाऊक असलेल्या यंत्रात घाला, मगच वळा. गर्दीत गेलेला अर्धा तास परवडतो. रस्त्यावरची पाटी आणि पडदा यांत तफावत दिसली तर पाटी खरी.

एवढं करूनही कमी उंचीचा पूल समोर आलाच, तर त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबा, धोक्याचे दिवे लावा आणि हळूहळू पुढे सरकून अंदाज घेण्याचा प्रयत्न करू नका. पोलिसांना फोन करून मागची वाहतूक अडवायला सांगा. वाहतूक थांबल्यावर कार सोडा. जोडणी ताणात असेल तर पिन निघत नाही, अशा वेळी मोटरहोम काही इंच पुढे-मागे करून ताण सैल करावा लागतो. कार दुसऱ्याने बाजूला नेल्यावर, मागे एक माणूस उभा करून मगच मोटरहोम मागे घ्या.