'ते आलं' की 'ते आले'?

प्रश्न असा आला आहे: 'आमच्या गटातली एक व्यक्ती नॉनबायनरी आहे, म्हणजे स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष मानत नाही, आणि स्वतःसाठी 'ते' वापरायला सांगते. म्हणून आम्ही सगळ्याच ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या) मंडळींना 'ते' म्हणू लागलो, तर एक ट्रान्स मैत्रीण दुखावली. बरोबर कोण?'

माझ्या मते दोघंही बरोबर आहेत. चूक त्या 'सगळ्याच'मध्ये आहे.

तुमच्या मैत्रिणीने 'ती' हा शब्द भांडून मिळवलेला असतो. घरचे, शेजारचे तिला 'ती' म्हणायचं टाळण्यासाठीच 'ते' म्हणत आलेले असतात, आणि त्या लिंगाचं व्याकरणातलं नावच 'नपुंसक'. तो घाव मला खरा वाटतो. 'तृतीयपंथी' हा शब्द सरसकट लावण्यावर अनेक ट्रान्स स्त्रियांचा आक्षेप आहे तोही यामुळेच: मी तिसरी कोणी नाही, बाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्त्री, पुरुष किंवा तृतीय लिंग यांपैकी स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. तिसरा पर्याय ज्याला हवा त्याला. तिच्यावर लादण्यासाठी नाही.

पण म्हणून 'ते' शिवी ठरत नाही. दार वाजलं की आपण 'कोण आलं?' असंच विचारतो. 'आपलं माणूस', 'घरातलं म्हातारं माणूस' यांत मायाच आहे. नवरा-बायको मिळून 'दोघं आली', आणि वर मी लिहिलेलं 'दोघंही' त्याच लिंगातलं. मालवणीतलं 'चेडू' नपुंसकलिंगी आहे, गोव्याच्या कोंकणीत तरुण मुलीला 'तें' म्हणतात. नॉनबायनरी माणसाला या जागेत आपलं घर दिसलं, तर ते मराठीच्या बाहेरचं नाही.

अडचण वेगळीच आहे. इंग्रजीत नॉनबायनरी व्यक्तीसाठी वापरतात त्या 'दे'साठी (they) 'ते आले' लिहिलं की मराठी कानाला आदरार्थी पुरुष ऐकू येतो. 'ते आलं' म्हटलं तर पुढे 'त्याला', 'त्याचं' येतं, म्हणजे पुन्हा पुल्लिंगासारखंच रूप. त्यापेक्षा आदरार्थी विभक्तीरूपं सोयीची: 'त्यांना चहा आवडतो', 'त्यांनी पत्र लिहिलं', 'उद्या येतील'. यांत लिंग कळतच नाही. लिहिताना मी हीच वाट धरतो. बोलताना ती दर वाक्याला जमत नाही, हेही खरं.

तेव्हा मैत्रिणीला 'ती आली'च म्हणा. दुसऱ्या व्यक्तीला 'ते आलं' हवं की 'ते आले', हे मात्र विचारूनच घ्या. 'मी आलो' किंवा 'मी आले' म्हणताना ऐकलं एवढ्यावरून ठरवू नका. कोल्हापूरकडे मुलीही 'मी आलो' म्हणतात.