पूर्वग्रह आणि मंगळ

प्रिय सई,

रविवारी व्हिडिओ कॉलवर काका म्हणाला, "पुणेकर ना, दुपारी एक ते चार दारसुद्धा उघडायचे नाहीत." त्यावर आजीने त्याला टोकलं, "उगाच पूर्वग्रह नको रे." आणि तू मला विचारलंस, बाबा, हा पूर्वग्रह शनी-मंगळासारखाच ग्रह का?

आकाशातला नाही गं, मनातला. मनाने घट्ट धरून ठेवलेल्या समजुतीलाही मराठीत ग्रह म्हणतात. 'त्याचा माझ्याबद्दल चुकीचा ग्रह झालाय,' असं आजी म्हणते ना, तोच. माणसाला भेटायच्या आधीच तसा ग्रह करून घेतला, की झाला पूर्वग्रह. अंदाज वेगळा. ढग बघून आपण 'पाऊस येणार' म्हणतो आणि ऊन पडलं की विसरून जातो. पूर्वग्रह असा सुटत नाही. समोर उलटं दिसलं तरी 'हा एखादाच तसा' म्हणून माणूस आपलंच खरं करतो.

पण मंगळाचं नाव तू अगदी बरोबर काढलंस. आपल्याकडे लग्न जुळवताना पत्रिका बघतात. तिच्यात १, ४, ७, ८ किंवा १२ व्या स्थानी मंगळ असला, की मुलगी 'मंगळाची' आणि तिच्यामुळे म्हणे नवऱ्याच्या जिवाला धोका. आता हिशेब कर. स्थानं १२, त्यांतली ५ वाईट. पत्रिकेचं पहिलं स्थान ज्या राशीवरून धरतात, ती साधारण दर २ तासांनी बदलते आणि तिच्याबरोबर मंगळाचं स्थानही. म्हणजे कुठल्याही दिवशी २४ पैकी दहाएक तासांत जन्मलेली सगळी बाळं मंगळाची! मुलग्यांनाही हा मंगळ असतो, पण नकार ऐकायची पाळी जास्त करून मुलींवरच येते. माझ्या मावसबहिणीची पत्रिका एका घरातून परत आली, तेव्हा सोबतचं फोटोचं पाकीट उघडलेलंसुद्धा नव्हतं. ती काय शिकली, काय करते, कुणी विचारलं नाही. मला अजून त्याचा राग येतो.

वापरायचा कसा, तर पूर्वग्रह मनात असतो, लोक तो बाळगतात. त्याने एखाद्याचं मत नासलं, की ते पूर्वग्रहदूषित.

आणि तो दर वेळी वाईटच असतो असं नाही. इथे टोरांटोत तुला वर्गातली मुलं म्हणतात ना, 'तू इंडियन, तुला गणित येणारच'? कौतुकाचा असला तरी तो पूर्वग्रहच. पुन्हा कुणी म्हणालं तर खुशाल विचार, "माझी वही बघितलीस का?"

तुझा,
बाबा