पहिला फ्लॅट घेताय? टोकन देण्याआधी हे बघा

पुण्यात बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात फ्लॅट बघताय, म्हणून मुद्दाम लिहितोय. सॅम्पल फ्लॅटला भुलू नका. आधी महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. ताब्याची तारीख, तिला मिळालेली मुदतवाढ, मंजूर नकाशे, जमिनीवरचा बोजा (कर्ज, गहाण वगैरे), कोर्टातले दावे, सगळं तिथं फुकट बघायला मिळतं. तरी लोक बघत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

"आज बुक करा, उद्या रेट वाढेल" असं सेल्सवाले म्हणतील. म्हणू द्या. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हा कायदाच आहे.

खरी दमछाक होते ती रोख रकमेत. ६० लाखांचा फ्लॅट धरा. बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ४८ लाख देईल. उरलेले १२ लाख तुमचे. त्यावर मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ४ लाख २० हजार, जीएसटी ५ टक्क्यांनी ३ लाख, नोंदणीचे ३० हजार. म्हणजे साडेएकोणीस लाख हाताशी हवेत. पार्किंग, सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स आणि वकिलाची फी वेगळीच. घर फक्त पत्नीच्या किंवा आईच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. घरात बसून नीट बोला यावर.

वकील मात्र स्वतःचा करा, बिल्डरने सुचवलेला नको. आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला, हातात पडल्याशिवाय किल्ल्या घेऊ नका, कितीही घाई केली तरी.