आधी एका गावाचा नकाशा कर

भावा, कॉलेजात एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) नाव घातलंस, झकास केलंस. वर्षाला 120 तास असतात, पण नुसते तास भरू नकोस. कॉम्प्युटरची आवड आहे ना? मग ओपनस्ट्रीटमॅप शिक, म्हणजे कुणालाही भर घालता येईल असा इंटरनेटवरचा नकाशा. फुकट आहे, 2004 पासून जगभरचे स्वयंसेवक तो भरतायत. 2019 च्या पुरात कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीला पाण्याचा वेढा पडला होता. असल्या वेळी बाहेरून आलेल्या बोटवाल्याला गल्ली कुठली, शाळा कुठली, हे कळणं लाखमोलाचं असतं. पंचगंगेकाठचं एकच गाव घे. घरबसल्या उपग्रहाच्या चित्रावरून घरं आखून घे, मग गावात जाऊन जाणत्यांना विचार, पाणी कुठवर चढलं होतं? भिंतीवरची खूण दाखवतील. ती जागा मोबाईलवर टिपून घे. गूगलच्या नकाशावरून मात्र काही उतरवू नकोस, ते चालत नाही. अडलास तर रविवारी ये, लॅपटॉप घेऊन बसू.