हातचं कॉलेज

ताई, मुलीची अमेरिकेतल्या कॉलेजांची यादी वाचली. हार्वर्ड, येल, ॲमहर्स्ट वगैरे सहा मोठी नावं, आणि ‘सेफ्टी’ म्हणून दोन सरकारी विद्यापीठं. बजेट वर्षाला २५ लाख. सेफ्टी पुरेशा आहेत का, असं तुम्ही विचारलंय. खरं सांगायचं तर यादीत सेफ्टी एकही नाही.

प्रवेश नक्की मिळेल ती सेफ्टी, हा हिशोब इथल्या मुलांचा. आपल्या मुलीला प्रवेश मिळाला आणि फी झेपली नाही, तर ते पत्र भिंतीवर लावण्यापुरतं. सरकारी विद्यापीठं परदेशी मुलांकडून राज्याबाहेरच्यांचा चढा दर घेतात, आणि त्यातली बरीच फारसं काही सोडत नाहीत. हार्वर्ड, येल, ॲमहर्स्ट ऐपत न बघता प्रवेश देतात, गरजेइतकी मदतही करतात. पण मार्क चांगले म्हणून एक डॉलर देत नाहीत. ती लॉटरीची तिकिटं. जरूर काढा, फक्त त्यांच्या भरवशावर हॉल बुक करू नका.

तुमच्या कामाची कॉलेजं मिडवेस्टात, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या उत्तर भागात, छोट्या गावांत आहेत. हजार-दोन हजार मुलं, नाव सांगलीत कुणी ऐकलेलं नसतं: ओहायोत वूस्टर, इलिनॉयमध्ये नॉक्स, विस्कॉन्सिनमध्ये लॉरेन्स आणि बेलॉइट, इंडियानात डीपॉ. (डेनिसनचं नाव कुणी सुचवेल, पण तिथला प्रवेश आता सोपा राहिलेला नाही.) यांची छापील फी म्हणजे साडीवरच्या चिठ्ठीवरची किंमत, त्या भावाने घेणारे थोडेच. वर्ग भरायचे असतात, हुशार मुलं हवी असतात, म्हणून मेरिट स्कॉलरशिप, म्हणजे गरज न बघता हुशारीवर फीत सूट. दुय्यम म्हणून नाक मुरडू नका. वूस्टरला शेवटच्या वर्षी प्रत्येक मूल एका प्राध्यापकाच्या हाताखाली स्वतःचं संशोधन करतं, आणि प्रबंध दिला की हातात एक टूटसी रोल, म्हणजे चॉकलेटची गोळी, ठेवतात. मोठ्या विद्यापीठात पदवीच्या मुलांना इतका वेळ कोण देतो?

वेबसाइटवर मदत वजा जाता किती भरावं लागेल हे सांगणारं ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतं, ते सोडून द्या, ते बहुधा इथल्या नागरिकांसाठी बनवलेलं असतं. कॉलेजचं नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ (कॉलेजने स्वतःच जाहीर केलेली आकडेवारी) असं शोधा, त्यात ‘एच-६’ हा भाग उघडा. किती परदेशी मुलांना कॉलेजने पैसे दिले आणि सरासरी किती, हे तिथे असतं. मग ॲडमिशन ऑफिसला मेल करा: सगळ्यात मोठी स्कॉलरशिप परदेशी मुलांना मिळते का, आणि ती चार वर्षं टिकायला किती जीपीए, म्हणजे सरासरी गुणांक, लागतो?

आता खरी मेख. समजा फी, राहणं, जेवण, विमा धरून ७२ हजार डॉलर, स्कॉलरशिप ४२ हजार. उरले ३०. तुमचे २५ लाख, डॉलर ९० रुपयांना धरला तर, २८ हजारांच्या आसपास, म्हणजे थोडी ओढाताण करून जमेल असं वाटेल. पण खर्च दरवर्षी चारेक टक्क्यांनी चढतो आणि स्कॉलरशिप बहुधा तेवढीच राहते. चौथ्या वर्षी ८१ वजा ४२, म्हणजे ३९ हजार. आय-२० साठी, म्हणजे व्हिसाला लागणाऱ्या कॉलेजच्या कागदासाठी, पहिल्या वर्षाचेच पैसे दाखवावे लागतात, त्यामुळे हा आकडा तुम्हाला कुणीच विचारणार नाही. माझ्या वडिलांनाही कुणी विचारला नव्हता; तिसऱ्या वर्षी साताऱ्याचा प्लॉट विकला. म्हणून पहिल्या वर्षाचं बिल २०-२२ हजारांत बसेल तेच कॉलेज हातचं धरा.

कॉलेजची गंगाजळीही बघा. लहान कॉलेजं बंद पडतात: इलिनॉयचं मॅकमरे २०२० मध्ये, अलाबामाचं बर्मिंगहॅम-सदर्न २०२४ मध्ये. ‘अर्ली डिसिजन’ नको, त्यात आधीच बांधून घेतात आणि दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून बघता येत नाहीत. ‘अर्ली ॲक्शन’ खुशाल करा, त्यात अर्ज लवकर जातो पण बांधून घेत नाहीत. यातली बरीच कॉलेजं अर्जाची फीसुद्धा घेत नाहीत.

आणि डिसेंबरात हॉस्टेल उघडं असतं का, हे विचाराच. आमचं बंद व्हायचं. पहिल्या वर्षी तीन आठवडे एका प्राध्यापकांच्या तळघरात काढले, बाहेर गुडघाभर बर्फ आणि एअरपोर्ट दोन तासांवर, बस नाही. नॉक्सच्या गावाला, गेल्सबर्गला, शिकागोची ट्रेन थांबते. अठराव्या वर्षी असल्या गोष्टी कोण बघतं!